स्वस्त फायरवॉल कोणाला म्हणायचे?

ऑफिससाठी नवा स्टॅटिक आयपी घ्यायचा, लॉग ठेवणारा राउटर त्यावर लावायचा आणि तासाभराने तो लॉग उघडायचा. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. हा पत्ता अजून कोणाला सांगितलेलाही नसतो, तरी बाहेरून कोणीतरी २३ क्रमांकाचे पोर्ट चाचपून गेलेले असते. मग २२, मग ४४५, ३३८९, ८२९१, ३७७७७. येणारे पत्ते दरवेळी वेगळे, निरनिराळ्या देशांतले. यातला प्रत्येक आकडा म्हणजे एका ठरावीक वस्तूची चौकशी आहे. २३ हे टेलनेट, म्हणजे जुन्या राउटरांत आणि कॅमेऱ्यांत शिरण्याची वाट. ४४५ वर विंडोजचे फाइल शेअरिंग चालते, ३३८९ वर रिमोट डेस्कटॉप. ८२९१ वर मायक्रोटिक राउटरचे विनबॉक्स असते आणि ३७७७७ हे दाहुआच्या डीव्हीआरचे नेहमीचे पोर्ट.

हे काम माणसे करत नाहीत. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि एक संगणक व एक गिगाबिट लाइन एवढ्या सामग्रीवर हा सगळा पसारा ४५ मिनिटांच्या आत धुंडाळता येतो हे दाखवून दिले. तेव्हापासून साधने आणखी वेगवान झाली आहेत. ‘आमच्या छोट्या धंद्याकडे कोण कशाला बघेल?’ असे मालक विचारतात, त्याचे उत्तर या ४५ मिनिटांत आहे. कोणी निवड करून येतच नाही. सगळ्यांची दारे ढकलून पाहिली जातात आणि जे उघडे सापडेल तिथे पुढचा प्रोग्राम शिरतो.

उघडे काय सापडते? एखाद्या औषधांच्या घाऊक विक्रेत्याचे ऑफिस डोळ्यांसमोर आणा. बिलिंगचे आठ-दहा पीसी, एका पीसीलाच सर्व्हर केलेले, त्यावर टॅली किंवा मार्ग हे हिशोबाचे सॉफ्टवेअर. गोडाऊनमध्ये कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर. दाराशी बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे यंत्र. दोन प्रिंटर. आणि एक वायफाय, ज्याचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एमआरला माहीत. हे सगळे एकाच स्विचला जोडलेले, आणि स्विच इंटरनेटवाल्याने बसवलेल्या राउटरला. मालकांना रात्री घरून टॅली बघायची असते, म्हणून हार्डवेअरवाल्याने ३३८९ चे पोर्ट फॉरवर्ड करून दिलेले असते. मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून कॅमेरेवाल्याने डीव्हीआरचेही तसेच केलेले असते. दोघांनीही सांगितलेले काम चोख केले. त्यात ऑफिसला बाहेरून दोन दारे पडली, एवढे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

पहिल्या दारातून रॅन्समवेअर येते. पासवर्ड ओळखायचा प्रोग्राम रिमोट डेस्कटॉपवर रात्रंदिवस आकडे-अक्षरे टाकून बघतो, एखादा दिवस ‘अ‍ॅडमिन’ आणि दुकानाचे नाव ही जोडी जुळते, आणि सकाळी टॅलीचा डेटा कुलूपबंद झालेला असतो. शेजारच्या पेनड्राइव्हवरचा बॅकअपही, कारण तो पेनड्राइव्ह सर्व्हरलाच लावलेला होता. दुसऱ्या दाराची गोष्ट जगाने २०१६ मध्ये पाहिली. मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून येतात तेच युजरनेम-पासवर्ड, साठेक जोड्यांची यादी, वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास नीट उघडेनात.

म्हणून फायरवॉलची कोटेशने मागवण्याआधीचे काम बिनपैशाचे आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडायची आणि त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारायचे. उत्तर मिळत नसेल तर ती ओळ काढून टाकायची. तिथेच जवळपास यूपीएनपी असते, तेही बंद करायचे, कारण ते चालू असेल तर आतले कोणतेही यंत्र कोणाला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेऊ शकते. आयपीव्ही६ मिळत असेल तर त्याची फायरवॉल चालू आहे ना, हेही पाहायचे. पुष्कळ इंटरनेट कंपन्या आयपीव्ही४ साठी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरची चाचपणी आपल्यापर्यंत पोहोचत नाही आणि आपण निश्चिंत राहतो. आयपीव्ही६ मध्ये मात्र आतल्या प्रत्येक पीसीला जगजाहीर पत्ता मिळतो.

इतके केल्यावर एखाद्या चार पीसींच्या दुकानाला वेगळी फायरवॉल लागतेच असे मला वाटत नाही. इंटरनेटवाल्याच्या साध्या राउटरमध्येही स्टेटफुल फायरवॉल असते: आतून बाहेर कोणकोणते संवाद सुरू झाले याची नोंद ती ठेवते, त्या संवादांची उत्तरे आत सोडते आणि बाहेरून आपणहून आलेले सगळे टाकून देते. १९९०च्या दशकात हे नवे होते. इस्रायलच्या चेक पॉइंटने हीच कल्पना घेऊन बाजारात जम बसवला. आज ती हजार-दोन हजारांच्या राउटरमध्येही मिळते. वेगळ्या पेटीची गरज पडते ती घरून सुरक्षितपणे काम करायचे असेल, आतल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवायचे असेल, दोन इंटरनेट कंपन्यांच्या लाइन जोडायच्या असतील किंवा काय घडले याची नोंद जपायची असेल तर. आपल्या औषधवाल्याला यातले तीन तरी हवेच आहे.

आता बाजारात जाऊ. विक्रेता बहुधा यूटीएम किंवा ‘नेक्स्ट जनरेशन’ फायरवॉल दाखवतो: एकाच पेटीत अँटिव्हायरस, घुसखोरी ओळखणे, वेबसाइट अडवणे, व्हीपीएन. फोर्टिनेट आणि सोफोस ही नावे सगळीकडे ऐकू येतात; मुंबईची गजशील्डही याच धंद्यात आहे. सोफोसच्या भारतातल्या पसाऱ्यामागे अहमदाबादची सायबरओम आहे, जी त्यांनी २०१४ मध्ये विकत घेतली. या पेट्या वाईट नाहीत. पण त्यांचे माहितीपत्रक वाचायला शिकले पाहिजे. फोर्टिगेट ४०एफ या लहान ऑफिसांत खूप दिसणाऱ्या मॉडेलचे उदाहरण घ्या. पत्रकावर फायरवॉलचा वेग ५ जीबीपीएस. त्याच पत्रकात खाली, सगळ्या तपासण्या चालू ठेवून मिळणारा ‘थ्रेट प्रोटेक्शन’चा वेग ६०० एमबीपीएस. आणखी खाली, कूटबद्ध वाहतूक उघडून तपासण्याचा वेग ३१० एमबीपीएस. तीनही आकडे खरे आहेत. पण ज्या तपासण्यांसाठी आपण पैसे मोजतो त्यांचा आकडा शेवटचा आहे. ज्या ऑफिसात १०० ची लाइन आहे तिथे तोही पुरून उरतो, आणि अशा ठिकाणी मोठे मॉडेल गळ्यात मारले जात असेल तर ‘कोणत्या आकड्यासाठी?’ एवढेच विचारावे.

तो शेवटचा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. आता वेबची बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसवर चालते. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही, तशीच फायरवॉलची स्थिती असते. आतली फाइल तपासायची तर तिने मध्ये पडून वाहतूक उलगडायची आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायची. त्यासाठी फायरवॉलचे प्रमाणपत्र प्रत्येक पीसीवर आणि प्रत्येक फोनवर बसवावे लागते, बँकेच्या साइट त्यातून वगळाव्या लागतात, काही अ‍ॅप चालेनाशी होतात आणि ऑफिसातून तक्रारी सुरू होतात. मग एक दिवस कोणीतरी ती तपासणीच बंद करून टाकते. त्यानंतरही गेटवेवरच्या अँटिव्हायरसचे लायसन्स दरवर्षी रिन्यू होत राहते, आणि त्याच्या हाती लागण्यासारखे फार थोडे उरलेले असते. दहा पीसींच्या ऑफिसात ही तपासणी निभावणारे कोणी नसेल तर तिच्यासाठी पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाईट साइट अडवायच्या असतील तर डीएनएसच्या पातळीवर ते फुकट होते: क्वाड९ चा ९.९.९.९ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ हा पत्ता राउटरमध्ये टाकला की ज्ञात घातक साइटची नावेच उघडत नाहीत.

दुसरा रस्ता लायसन्सशिवायच्या पेट्यांचा. लात्वियातल्या रीगा शहरातली मायक्रोटिक ही १९९६ मध्ये सुरू झालेली कंपनी राउटर बनवते आणि आपल्याकडच्या केबल व इंटरनेटवाल्यांना तिचे नाव तोंडपाठ आहे. काही हजारांच्या पेटीत व्हीलॅन, दोन लाइन, व्हीपीएन, सगळे मिळते आणि राउटरओएसच्या अपडेटसाठी वार्षिक वर्गणी नसते. अडचण अशी की तिचे नियम हाताने, समजून लिहावे लागतात. अर्धवट जाणकाराच्या हातात ती धोक्याची आहे.

तिसरा रस्ता पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्सचा. स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कास्पर यांच्या एमझिरोएनझिरोवॉल या प्रकल्पातून २००४ मध्ये पीएफसेन्सची शाखा फुटली आणि पीएफसेन्समधून २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या डेसिसो कंपनीने ओपीएनसेन्स काढले. दोन्ही फ्रीबीएसडीवर चालतात. ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्सची कम्युनिटी आवृत्ती धंद्यासाठीही फुकट वापरता येते. (सोफोसही आपली फायरवॉल फुकट देते, पण फक्त घरगुती वापरासाठी. ती दुकानात बसवून देणारे भेटतात. तो लायसन्सचा भंग आहे.) ब्राउझरमधून चालणारा पडदा नीटस आहे आणि ओपीएनसेन्सच्या दोन मोठ्या आवृत्त्या दरवर्षी, जानेवारीत आणि जुलैत, येतात.

यासाठी कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप वापरावा, असे सुचवले जाते. दुसरे लॅन कार्ड घातले की तो चालतो, हे खरे. पण फायरवॉल चोवीस तास चालते. पन्नास वॅट धरले तर वर्षाला ४३८ युनिट, आणि दहा रुपये युनिट धरले तर ४,३८० रुपये, दरवर्षी. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरची, चार लॅन पोर्ट असलेली बिनपंख्याची छोटी पेटी साधारण त्याच्या पाव भागात भागवते, धूळ ओढत नाही आणि छोट्या यूपीएसवर लाइट गेल्यावरही बराच वेळ तग धरते. जिथे शुक्रवारी हमखास लाइट जाते त्या एमआयडीसीत याला मोल आहे.

आता हिशोब. समजा, ब्रँडेड पेटी ३०,००० रुपयांना, पहिल्या वर्षाचे लायसन्स त्यात धरून, आणि पुढे दरवर्षी १५,०००. पाच वर्षांत ९०,०००. समजा, ओपीएनसेन्सची पेटी २०,००० ची, आणि ती सांभाळणाऱ्या जाणकाराला महिना १,००० रुपये. पाच वर्षांत ८०,०००. हे आकडे फक्त हिशोबासाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपल्या कोटेशनमधले घालावेत. पण मांडून पाहिले की लक्षात येते, फुकट सॉफ्टवेअर आणि महागडे लायसन्स यांतले अंतर दिसते तेवढे नसते. पैसे कंपनीला जातात किंवा सांभाळणाऱ्या माणसाला. माणूसही नाही आणि लायसन्सही नाही, अशी जी पेटी उरते, ती घेताना सर्वांत स्वस्त असते आणि मला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटते.

कारण फायरवॉल हाही एक संगणकच आहे, आणि त्यातही भोके सापडतात. मायक्रोटिकच्या विनबॉक्समधले भोक २०१८ च्या एप्रिलमध्ये कंपनीने बुजवले. तरी त्यानंतर कित्येक महिने अपडेट न केलेले लाखो राउटर चोरून क्रिप्टो-मायनिंगच्या कामाला जुंपले गेले. लॉगमधले ते ८२९१ अजून त्याच आशेने येते. झायक्सेलच्या फायरवॉलमध्ये २०२० च्या अखेरीस एक छुपे खाते सापडले, त्याचा पासवर्ड फर्मवेअरमध्ये उघड लिहिलेला होता. फोर्टिनेटच्या व्हीपीएनमधली एक जुनी त्रुटी वापरून गोळा केलेले सुमारे ८७,००० पेट्यांचे पासवर्ड सप्टेंबर २०२१ मध्ये उघड झाले, आणि त्या त्रुटीवरचा उपाय कंपनीने २०१९ मध्येच दिला होता. तिन्ही कंपन्या नामांकित आहेत. म्हणून ब्रँड निवडताना मी दोनच प्रश्न लावून धरतो: या मॉडेलला अपडेट किती वर्षे मिळणार, आणि लायसन्स संपले तर सुरक्षेचे अपडेट मिळतील की तेही थांबतील? कोटेशनवरच लेखी उत्तर घ्यावे. आणि पेटीचे अ‍ॅडमिन पान बाहेरून कधीच उघडता येता कामा नये, मग ती पेटी कोणतीही असो.

घरून टॅली बघण्याचा प्रश्न आता सुटतो. वर सांगितलेल्या ओपीएनसेन्स, पीएफसेन्स आणि मायक्रोटिकच्या आवृत्ती ७ मध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन आहे. मालकांच्या लॅपटॉपवर त्याची किल्ली एकदा बसवायची. ते बटण दाबले की लॅपटॉप ऑफिसात असल्यासारखा चालतो आणि रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट बाहेर उघडावेच लागत नाही. वायरगार्डचा एक गुण मला फार आवडतो: योग्य किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. चाचपणाऱ्या प्रोग्रामला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. स्वतःचा पब्लिक आयपी नसेल तर हे थेट जमत नाही. मग स्टॅटिक आयपी घ्यावा किंवा टेलस्केलसारखी वायरगार्डवरच उभारलेली सेवा वापरावी.

एवढ्याने दारे लागली. पण २७ जून २०१७ ला न्हावा शेवाच्या बंदरात जे घडले ते दारातून आलेच नव्हते. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या बाहेर पडले, मर्स्क कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरले आणि जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले. विश्वासातल्या कंपनीचे अपडेट कोणतीही फायरवॉल आत सोडणारच. नुकसान एवढे मोठे झाले कारण आत शिरल्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला आडकाठी नव्हती. आपल्या औषधवाल्याच्या एकाच स्विचवर तेवढीही नाही. एमआरचा फोन आणि टॅलीचा सर्व्हर एकमेकांना थेट दिसतात.

यावर उपाय व्हीलॅन. फायरवॉलसोबत एक मॅनेज्ड स्विच घ्यायचा, तो महाग नसतो, आणि नेटवर्कचे चार भाग करायचे. सर्व्हर एका भागात. बिलिंगचे पीसी दुसऱ्या. कॅमेरे, डीव्हीआर आणि हजेरीचे यंत्र तिसऱ्या. पाहुण्यांचे वायफाय चौथ्या. मग नियम साध्या मराठीत कागदावर लिहायचे. बिलिंगच्या पीसींनी सर्व्हरवर फक्त टॅलीच्या पोर्टवर जावे, ते बहुधा ९००० असते, आणि डेटाच्या शेअर्ड फोल्डरसाठी ४४५ वर. बाकी काही नाही. कॅमेऱ्यांनी कोठेही जाऊ नये, इंटरनेटवरही नाही. ते बघायचे असतील तर व्हीपीएनने आत यावे. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. सर्व्हरने बाहेर फक्त अपडेट आणि बॅकअपसाठी जावे. आणि शेवटची ओळ: वर जे लिहिले नाही ते सगळे बंद. पाच-सहा ओळींचा हा कागद ज्याला लिहिता येतो त्याला कोणत्याही ब्रँडची पेटी चालवता येते. बसवायला आलेल्या माणसाकडून असा कागद निघत नसेल, तर लाखाची पेटीसुद्धा ‘सगळ्यांना सगळे चालू’ या एका नियमावर चालत राहते. चार भागांनंतरही एखाद्या बिलाच्या नावाने आलेली खोटी ईमेल पीसीवर उघडली जाईलच. तेव्हा नुकसान त्या भागापुरते आवरावे, आणि फोल्डर वापरात असल्यामुळे जो डेटा तरीही हाती लागू शकतो त्याचा एक बॅकअप नेटवर्कपासून तुटलेला असावा.

राहिला लॉग. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, १८० दिवसांचे लॉग जपायचे आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, म्हणजे त्यांना वगळलेले नाही. लहान पेट्यांमध्ये लॉग साठवायला जागा फार थोडी असते आणि पेटी बंद-चालू झाली की कित्येकदा तो पुसला जातो. तेव्हा घेतानाच विचारावे की लॉग कुठे जाईल. मायक्रोटिकचा लॉग ऑफिसातल्याच एखाद्या नॅसवर किंवा जुन्या पीसीवर सिसलॉगने पाठवता येतो; एन१०० च्या पेटीत २५६ जीबीची एसएसडी असेल तर बाहेर पाठवण्याचीही गरज नाही. काही ब्रँडमध्ये क्लाउडवर लॉग ठेवायचे वेगळे लायसन्स पडते. हिशोबाच्या कागदावर ती ओळही आली पाहिजे.

बसवून झाले की पैसे देण्याआधी मोबाइलचे वायफाय बंद करावे आणि मोबाइल डेटावरून आपल्याच स्टॅटिक आयपीवर पोर्ट स्कॅन चालवायला सांगावे. एकही पोर्ट उघडे दिसता कामा नये. मग वायरगार्ड चालू करून टॅली उघडते का ते बघावे. पाहुण्यांच्या वायफायवरून सर्व्हर दिसत नाही ना, तेही. सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड लखोट्यात घालून मालकांच्या कपाटात ठेवावा. बसवणारा माणूस उद्या नोकरी बदलेल, नंबर बदलेल, गाव सोडेल, आणि पासवर्ड त्याच्याजवळच राहिला तर चांगली चालणारी पेटी पुसून पहिल्यापासून उभी करावी लागते.